बीड पॅटर्न, एक फंक्शन आणि जुनी चौकट

२०२० च्या खरिपात बीड जिल्ह्याच्या पीकविम्यासाठी कंपन्या निविदा भरायला पुढे येईनात. जिल्हा दुष्काळी, भरपाईचा बोजा मोठा. हात घालणार कोण? तेव्हा राज्य सरकारने भारतीय कृषी विमा कंपनीबरोबर जी व्यवस्था ठरवली, ती पुढे ‘बीड पॅटर्न’ किंवा नुसते ‘८०-११०’ या नावाने राज्यभर ओळखली गेली. तिचा गाभा अगदी छोटा आहे. शेतकऱ्याचा, राज्याचा आणि केंद्राचा वाटा मिळून जो एकूण हप्ता जमतो, त्याच्या ८० टक्क्यांपेक्षा कमी भरपाई निघाली तर कंपनीने हप्त्याचे २० टक्के स्वतःकडे ठेवायचे आणि उरलेले सरकारला परत करायचे. भरपाई ८० ते ११० टक्क्यांच्या दरम्यान राहिली तर नफा-तोटा कंपनीचा. ११० टक्क्यांच्या वर गेली तर वरचा भार सरकारचा. समजा हप्ता १०० कोटींचा आहे. भरपाई ६० कोटी झाली तर कंपनीला २० कोटी राहतात आणि सरकारकडे २० कोटी परत जातात. ९५ कोटी झाली तर कंपनीला ५ कोटी उरतात. १०५ झाली तर कंपनीला ५ कोटींचा तोटा. १३० झाली तर कंपनीचा तोटा १० कोटींवर थांबतो आणि सरकार २० कोटी घालते.

शासकीय भाषेत ही तीन कलमे होतात, पण गणिताच्या नजरेने पाहिले तर ती एकच क्रिया आहे. हप्त्यातून भरपाई वजा करा आणि आलेले उत्तर हप्त्याच्या उणे दहा टक्के व अधिक वीस टक्के अशा दोन खुंट्यांच्या मध्ये अडवा. अडवल्यावर जे राहते ते कंपनीचे; मूळ उत्तर आणि अडवलेले उत्तर यांतला फरक सरकारचा. ६० च्या उदाहरणात मूळ उत्तर ४०, अडवलेले २०, फरक २०. १३० च्या उदाहरणात मूळ उत्तर उणे ३०, अडवलेले उणे १०, फरक उणे २०. भरपाई नेमकी ८० असली तर शेजारच्या दोन्ही कलमांनी उत्तर एकच येते, नेमकी ११० असली तरी तसेच. जोड कुठेही उघडा पडत नाही. हप्ता आणि भरपाई हे दोन आकडे आत घालायचे, कंपनी आणि सरकार यांचे दोन आकडे बाहेर काढायचे. मधे कुठली फाइल उघडायची नाही, घड्याळ पाहायचे नाही, आधीचे काही आठवायचे नाही. अशा क्रियेला ‘शुद्ध फंक्शन’ म्हणतात आणि शक्य तितका प्रोग्रॅम अशाच फंक्शनांनी रचायचा, या शिस्तीला फंक्शनल प्रोग्रॅमिंग. हिशेबाच्या कामाला याहून योग्य शिस्त मला तरी दिसत नाही, कारण हिशेब तपासणाऱ्याला नेमके हेच हवे असते: तेच आकडे दिले तर तेच उत्तर, आज आणि पाच वर्षांनीसुद्धा.

पण हा प्रोग्रॅम चालायचा कुठे? बीड, गेवराई, माजलगाव, केज, अंबाजोगाई, परळी, आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, वडवणी, धारूर असे अकरा तालुके. त्यांतल्या एखाद्या सोसायटीत प्रिंटर जुळतो म्हणून जपून ठेवलेला विंडोज ७ चा संगणक, जिल्ह्याच्या कार्यालयात विंडोज ११, सर्व्हरवर लिनक्स आणि प्रोग्रॅम लिहिणाऱ्या विद्यार्थ्याच्या लॅपटॉपवर आणखी तिसरेच काही, असे चित्र गृहीत धरूनच काम आखले पाहिजे. डॉटनेट ही मायक्रोसॉफ्टची प्रोग्रॅम लिहिण्या-चालवण्याची चौकट; तिचा नवा अवतार आता विंडोज ७ ला आधार देत नाही. जुने डॉटनेट फ्रेमवर्क लिनक्सवर चालत नाही. या कात्रीत सापडलेला माणूस सहसा दोन प्रोग्रॅम लिहितो, एक जुन्यासाठी आणि एक नव्यासाठी. मग पुढच्या हंगामात नियम बदलतो (२०२३ मध्ये राज्यात एक रुपयात पीकविमा आला, २०२५ मध्ये तो गेला) आणि दुरुस्ती एकाच ठिकाणी होते, दुसरी राहून जाते. माझे म्हणणे असे, की दोन प्रोग्रॅम लिहिण्याची गरजच नाही. अवजारे सर्वांत नवी घ्यावीत, करार मात्र जुन्या चौकटीशी करावा. फंक्शनल भाषेत हे इतर भाषांपेक्षा सोपे जाते, आणि त्याला कारण आहे.

ते कारण एफ शार्प या भाषेच्या घडणीत सापडते. ही भाषा केंब्रिज येथील मायक्रोसॉफ्ट रिसर्चमध्ये डॉन साइम यांनी घडवली. तिची पहिली आवृत्ती २००५ ची. २०१० मध्ये ती व्हिज्युअल स्टुडिओत आली आणि त्याच वर्षी तिचा कंपायलर मुक्त स्रोत झाला. साइम आणि त्यांचे सहकारी अँड्र्यू केनेडी यांनीच आधी डॉटनेटच्या गाभ्यात ‘जेनेरिक्स’ची, म्हणजे एकच फंक्शन अनेक प्रकारच्या मूल्यांसाठी लिहिण्याची, सोय करून घेतली होती, ती २००५ च्या डॉटनेट २.० पासून सर्वांना मिळाली. म्हणजे फंक्शनल भाषेला चौकटीकडून जे मोठे मागायचे होते ते तेव्हाच मिळून गेले होते. त्यानंतरची तिची बहुतेक श्रीमंती कंपायलरमध्ये आहे. पर्यायी प्रकार, पॅटर्न जुळवणे, न बदलणारी मूल्ये, हे सगळे कंपायलर साध्या क्लासेसमध्ये उतरवून देतो आणि जुन्या चौकटीला त्यात वावगे काही दिसत नाही.

एककांचे उदाहरण पाहा. गावात जमीन एकर आणि गुंठ्यांत बोलली जाते. सात-बारावर ती हेक्टर आणि आरमध्ये असते. ४० गुंठ्यांचा एकर, १०० आरचा हेक्टर, आणि एक गुंठा एका आरपेक्षा किंचित मोठा. दोन्ही आकडे साधे अपूर्णांकच असल्याने गुंठ्यांत आर मिसळले तरी प्रोग्रॅम तक्रार करत नाही, आणि फरक इतका बारीक की डोळ्यालाही खटकत नाही. एफ शार्पमध्ये आकड्याला एकक चिकटवता येते. ‘१५ गुंठे’ आणि ‘१५ आर’ यांची बेरीज लिहिली की कंपायलर तिथेच अडवतो. ही सोय केनेडी यांच्याच संशोधनातून आली. तिची खुबी अशी, की तपासणी संपली की कंपायलर एकके पुसून टाकतो आणि तयार प्रोग्रॅममध्ये नुसते आकडे उरतात. म्हणून दहा-बारा वर्षांपूर्वीच्या चौकटीवरही या तपासणीचा पूर्ण लाभ मिळतो. राखण कंपायलरने आधीच केलेली असते.

आता प्रत्यक्ष बांधणीकडे. लिनक्सवर बसून एफ शार्पच्या प्रकल्पाला ‘डॉटनेट फ्रेमवर्क ४.५ साठी बिल्ड कर’ म्हटले, की अनेक वर्षे एकच उत्तर यायचे: संदर्भ-असेंब्ली सापडत नाहीत. ही काय भानगड? सात-बाराचा उतारा घेऊन वकिलाकडे गेलो की तो शेतात जात नाही. गट क्रमांक, क्षेत्र, भोगवटादार, बोजा हे कागदावर पाहतो आणि व्यवहार होईल की नाही ते सांगतो. कंपायलरचेही तसेच. त्याला चौकट प्रत्यक्ष चालवायची नसते. तिच्यात कोणती फंक्शने आहेत, ती काय घेतात आणि काय देतात, एवढे कळले की पुरते. संदर्भ-असेंब्ली म्हणजे असा उतारा: सगळ्या सह्या आहेत, आतले काम काहीच नाही. विंडोजवर हे उतारे एका ठरलेल्या फोल्डरात असत. लिनक्सवर ते नसत. म्हणून लोक मोनो बसवत (डॉटनेटचा मुक्त अवतार असलेला मिगेल दे इकाझा यांचा प्रकल्प, १.० आवृत्ती २००४ ची) आणि प्रकल्पाच्या फाइलमध्ये एक वाट वळवून देत, की ४.५ चे उतारे हवेत तर मोनोच्या अमुक फोल्डरात पाहा. जुगाड होता, पण तत्त्वाने बरोबर होता: उतारा कुठूनही मिळो, तो खरा असला म्हणजे झाले. २०१९ मध्ये मायक्रोसॉफ्टने हेच उतारे पॅकेज म्हणून खुले केले आणि पुढच्या साधनसंचांत तर ते न मागता येऊ लागले. आज प्रकल्पाच्या फाइलमधल्या ‘टार्गेटफ्रेमवर्क’ या खुणेला शेवटी एक ‘एस’ जोडायचा, आत दोन नावे अर्धविरामाने लिहायची, आणि एकाच आज्ञेत जुन्या व नव्या चौकटीसाठी दोन फोल्डरांत दोन लायब्ऱ्या तयार होतात. यासाठी विंडोजची गरज राहिलेली नाही.

उतारा जुना घेण्याचा खरा फायदा आपल्या बीडच्या फंक्शनातच दिसतो. दोन खुंट्यांच्या मध्ये आकडा अडवण्यासाठी डॉटनेटच्या गणिती वर्गात ‘क्लॅम्प’ नावाचे तयार फंक्शन आहे. हप्त्यातून भरपाई वजा करून आलेले उत्तर यात घातले की काम संपले. पण हे फंक्शन डॉटनेट कोअर (नव्या डॉटनेटचे आधीचे नाव) २.० मध्ये प्रथम आले. जुन्या डॉटनेट फ्रेमवर्कच्या कोणत्याही आवृत्तीत ते नाही, अगदी शेवटच्या ४.८.१ मध्येही नाही. नवा उतारा समोर ठेवून लायब्ररी लिहिली तर लॅपटॉपवर सगळे हिरवेगार दिसते, आणि जुन्या यंत्रावर प्रोग्रॅम उघडायच्या आधीच आडवा होतो. जुना उतारा समोर असेल तर कंपायलर लिहितानाच सांगतो, की असे काही या चौकटीत नाही. मग उपाय एका ओळीचा: उत्तर आणि वरची खुंटी यांतले लहान घ्या, ते आणि खालची खुंटी यांतले मोठे घ्या. ‘मिन’ आणि ‘मॅक्स’ एफ शार्पच्या स्वतःच्या गाभा-लायब्ररीत पहिल्यापासून आहेत. चूक लिहिणाऱ्याच्या टेबलावरच सापडली; माजलगावच्या काउंटरवर विम्याच्या रांगेसमोर सापडली नाही.

किती जुने जायचे, याला मात्र मर्यादा हवी. इथे मी हट्ट धरणार नाही. ४.५ ही चौकट २०१२ ची. एफ शार्पच्या गाभा-लायब्ररीच्या नव्या आवृत्त्या तिच्यासाठी वेगळ्या बनवल्या जात नाहीत. ४.५ ला धरून बसायचे तर गाभा-लायब्ररीची जुनी आवृत्ती प्रकल्पात मुद्दाम खिळवून ठेवावी लागते, आणि एखादे दुसरे पॅकेज नवी आवृत्ती ओढून आणत नाही ना, यावर कायम पहारा ठेवावा लागतो. विंडोज एक्सपी तर ४.० पाशीच थांबते. तिचा नाद सोडलेला बरा. ‘डॉटनेट स्टँडर्ड २.०’ हा २०१७ मध्ये ठरलेला सामाईक करार त्यामुळे योग्य पायरी ठरतो. त्यात ३२ हजारांहून अधिक फंक्शने आणि सोयी येतात. कागदावर तो फ्रेमवर्क ४.६.१ पासून चालतो, कटकटीशिवाय ४.७.२ पासून, आणि ४.७.२ व ४.८ दोन्ही विंडोज ७ वर बसतात. विंडोज ११ मध्ये तर ४.८ आधीपासून हजर असते. त्यामुळे नवी चौकट सोबत बांधून पाठवायचा भार वाचतो आणि नुसत्या लायब्ररीच्या छोट्या फाइलवर काम भागते.

यावर पहिला आक्षेप असतो: जुनी यंत्रेच बदला की. बदलावीतच. विंडोज ७ चा आधार १४ जानेवारी २०२० ला संपला, फ्रेमवर्क ४.५.२, ४.६ आणि ४.६.१ यांचा २६ एप्रिल २०२२ ला. असे यंत्र इंटरनेटला जोडून ठेवणे धोक्याचे आहे आणि जुन्या चौकटीशी केलेल्या कराराने तो धोका कमी होत नाही, हे मान्य. पण यंत्र कधी बदलायचे हे प्रोग्रॅम लिहिणारा ठरवत नाही, ते संस्थेच्या ताळेबंदावर ठरते. तोपर्यंत हिशेब चुकता कामा नये. शिवाय करार जुन्याशी केलेली लायब्ररी यंत्र बदलल्यावर नव्या चौकटीवर तशीच चालते. नव्याशी केलेली उलट दिशेने जात नाही.

दुसरा आक्षेप जास्त वजनाचा आहे: सगळे सर्व्हरवर ठेवा आणि ब्राउझरमधून वापरा. बऱ्याच कामांना हे बरोबर आहे. पण वीज आणि नेटवर्क गेले तरी ज्या कामाला थांबता येत नाही, जे काम समोरच्या प्रिंटरशी किंवा काट्याशी जोडलेले आहे, त्याला हिशेब जवळच हवा. आणि मग तोच हिशेब सर्व्हरवर पुन्हा तपासायचा, तर लिनक्स आणि जुने विंडोज यांनी एकच उत्तर द्यायला हवे. फिरून गाडी तिथेच येते.

तिसरा आक्षेप माणसांचा. एफ शार्प जाणणारे थोडे, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी तर फारच थोडे. हे खरे आहे, म्हणूनच सगळा प्रोग्रॅम तिच्यात लिहा असे मी म्हणत नाही. नियमांचा गाभा तिच्यात लिहावा. पडदे, छपाई, डेटाबेस सी शार्प किंवा व्हिज्युअल बेसिकमध्ये राहू द्यावेत. त्यांना ही लायब्ररी इतर कोणत्याही लायब्ररीसारखीच दिसते. प्रकल्पात फायली ज्या क्रमाने लिहिल्या त्याच क्रमाने एफ शार्प वाचते आणि वरच्या फाइलला खालची दिसत नाही. सुरुवातीला याचा जाच वाटतो. पण विम्याचा नियम सर्वांत वर ठेवला की त्याला प्रिंटरचे नावही घेता येत नाही, आणि गाभा शुद्ध राहतो.

बांधणी झाली म्हणजे काम झाले, असे समजणे हीच सर्वांत मोठी चूक आहे, कारण दोन चौकटी एकच फंक्शन वेगळ्या रीतीने वागवू शकतात. ०.१ आणि ०.२ यांची ‘डबल’ या प्रकारात बेरीज करून छापली तर डॉटनेट फ्रेमवर्क ०.३ छापते, डॉटनेट कोअर ३.० पासून पुढे ०.३०००००००००००००००४ छापले जाते. साठवलेला आकडा दोन्हीकडे एकच आहे, छापण्याचा नियम बदलला. पैशांसाठी ‘डेसिमल’ प्रकार वापरला की हा प्रश्न उरत नाही, आणि तो प्रकार जुन्या चौकटीतही आहे. देवनागरी आकड्यांची गंमत दोन्हीकडे सारखीच: ‘५’ हा अंक आहे का असे विचारले तर डॉटनेट हो म्हणते, पण ‘५’ चे पूर्णांकात रूपांतर कर म्हटले तर नकार देते. मराठीत भरलेला अर्ज वाचायचा असेल तर अंक बदलणारे छोटे फंक्शन आपणच लिहायचे.

नावांची यादी लावताना तर फरक ठळकपणे समोर येतो. नवीन डॉटनेट भाषांचे नियम आयसीयू या लायब्ररीकडून घेते, जुने फ्रेमवर्क विंडोजच्या स्वतःच्या तक्त्यांकडून. त्यामुळे ‘मराठीच्या नियमाने क्रम लाव’ म्हटले तर दोन यंत्रांवर दोन क्रम येण्याची शक्यता राहते. एफ शार्पची स्वतःची तुलना मात्र अक्षरांच्या संकेतांकांवर चालते, म्हणून सगळीकडे एकच क्रम येतो. तोही आपल्या कामाचा नाही: युनिकोडमध्ये ‘ळ’ हा ‘ल’च्या लगेच मागे आहे, मराठी वर्णमालेत तो ‘ह’नंतर येतो. त्यामुळे काळे हे काशीद आणि कासार यांच्या आधी जाऊन बसतात, आणि मराठी शब्दकोशाची सवय असलेला कारकून यादीच्या शेवटी त्यांना शोधत राहतो. ‘कऱ्हाळे’मधला अर्धा र दोन प्रकारांनी टंकता येतो, एकदा ‘ऱ’ या स्वतंत्र अक्षराने आणि एकदा साध्या ‘र’ला न दिसणारे जोडचिन्ह लावून. पडद्यावर दोन्ही नावे एकसारखी, यंत्राच्या लेखी दोन वेगळे शेतकरी. याला उपाय तोच: नाव आत येताना एका साच्यात आणणारे एक फंक्शन आणि वर्णमालेचा क्रम सांगणारा स्वतःचा तक्ता. ही दोन्ही पुन्हा शुद्ध फंक्शने आहेत आणि चौकटीकडून काही मागत नाहीत.

चाचण्या दुप्पट होतात, हा शेवटचा आक्षेप अर्धाच खरा आहे. चाचणी एकदाच लिहायची असते, चालवायची मात्र दोन्ही चौकटींवर. फंक्शनल जगात त्यासाठी एक सुंदर रीत आहे, कोएन क्लासेन आणि जॉन ह्यूज यांनी २००० मध्ये हॅस्केल भाषेसाठी मांडलेली. एफ शार्पमध्ये ती एफएसचेक या नावाने मिळते. आपण उदाहरणे द्यायची नाहीत, नियम सांगायचा: हप्ता कितीही असो, भरपाई कितीही असो, कंपनीचा आकडा आणि सरकारचा आकडा यांची बेरीज हप्ता वजा भरपाई एवढीच आली पाहिजे. मग यंत्र शेकडो जोड्या स्वतः शोधून हे मोडते का ते पाहते. मोडण्याची जागा बहुधा पूर्णांकनाची निघते. डॉटनेट जुने असो वा नवे, २.५ चे पूर्णांकन काही न सांगता २ करते आणि ३.५ चे ४, कारण अर्धा आला की ते जवळच्या सम संख्येकडे जाते. कार्यालयातली सवय ५० पैसे वर नेण्याची. कोणती रीत हवी ते फंक्शनात शब्दाने लिहावे लागते, आणि लिहायची सोय जुन्या चौकटीतही आहे. कंपनीचा वाटा रुपयात पूर्णांक करायचा आणि सरकारचा वाटा वजाबाकीने काढायचा. दोन्ही वेगवेगळे पूर्णांक केले तर एखादा रुपया हवेत जातो. शून्य, ८०, ११० आणि १३० टक्के भरपाईच्या ओळी विंडोज ७ वर एकदा आणि लिनक्सवर एकदा फाइलमध्ये उतरवून घ्यायच्या, दोन्ही फायली एकमेकींवर ठेवायच्या. कुठे एका अक्षराचा फरक असला तर तो कोणत्या ओळीत आहे ते लगेच दिसते.